मालवणात कॅफेत बसून ऑफिसचं काम: वीज, नेट, खुर्ची आणि खारा वारा

मालवणात कामासाठी कॅफे शोधताना समुद्र दिसतो का, हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी वीज, मग नेट, मग खुर्ची. मुंबई-पुण्याच्या सवयीने आलेला माणूस नेमका उलटा जातो आणि पहिल्याच मीटिंगला ‘आवाज येतोय का?’ करत बसतो.

गल्ल्यावरच्या काकांना सरळ विचारा: ‘काका, लाईट गेली तर हा प्लग चालू राहतो का?’ उत्तर बहुधा असं येतं: ‘प्लग नाय ओ, पंखो नि बल्ब चालतत.’ मेख इथेच आहे. इन्व्हर्टर असतो, पण वायरिंग करताना त्यावर दिवे-पंखेच घेतलेले असतात. त्यामुळे डोक्यावर पंखा फिरतोय, उजेड आहे, आणि वायफाय मात्र गेलेलं, कारण राउटर साध्या प्लगमध्ये खोचलेला. म्हणून दुसरा प्रश्न राउटरचा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, एकाला असून भागत नाही. महिनाभर एकाच ठिकाणी बसणार असाल तर मालकांना विचारून राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, लावून घ्या. राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, बरेचदा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. त्यांना १२ दिले तर राउटर जळू शकतो, आणि मग त्या कॅफेत पुन्हा तोंड दाखवायची सोय राहत नाही.

लॅपटॉपसाठी २०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते, पण आउटपुट ४५ किंवा ६५ वॅटचं हवं. मोबाईलपुरती १८ वॅटची घेतली तर अनेक लॅपटॉप ती ओळखतही नाहीत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. त्यातले २०-२५ उष्णतेत आणि व्होल्टेज बदलताना जातात, हाती पन्नासेक राहतात. लिहिण्या-वाचण्याच्या कामावर साडेतीन तास निघतात. व्हिडिओ कॉल सुरू केला की दोन तास धरा.

आता नेट. कॅफेत फायबर आहे एवढ्यावर विसंबू नका. गावात फायबरची केबल बरेचदा विजेच्या खांबांवरूनच ओढलेली असते. पावसात माडाची झावळ किंवा फणसाची फांदी तारेवर पडली की वीज आणि नेट एकदमच जातात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात काही भागांत वीज यायला बरेच दिवस लागले होते. दोन कंपन्यांचं फायबर घेतलं तरी खांब तोच असेल तर बॅकअप नावापुरताच. खरा बॅकअप म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, आणि तीही त्याच खुर्चीवर बसून तपासलेली.

खुर्चीवर बसून, कारण भिंती चिऱ्याच्या आहेत. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पार मंदावतं. राउटर आतल्या खोलीत असेल आणि तुम्ही पडवीत, तर २.४ गिगाहर्ट्झवर या. वेग कमी मिळेल, पण टिकेल. मोबाईलचंही तसंच. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल आकड्यात दिसतो. उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली (उणे ११५, १२० असा) गेला की टेबल बदला. काही वेळा तीन पावलं दाराकडे सरकल्यावर आकडा सुधारतो.

वेग तपासताना डाउनलोड बघून खूश होऊ नका, अपलोड बघा. तुमचा चेहरा आणि आवाज त्याच वाटेने जातो. ग्रुप कॉलला साधारण ३ एमबीपीएस अपलोड असेल तर निर्धास्त बसा. चाचणी दोनदा करा: एकदा मंगळवारी सकाळी, एकदा शनिवारी संध्याकाळी. शनिवारी पर्यटकांच्या गाड्या उतरतात, सगळे रील टाकत असतात, आणि फोनवर पूर्ण दांड्या दिसूनही पान उघडत नाही. मे महिना, दिवाळी आणि ख्रिसमस ते नववर्ष या काळात रोजच शनिवार समजा.

हॉटस्पॉटवर काम करताना हिशोब सांभाळा. रोजच्या २ जीबीच्या प्लॅनमध्ये व्हिडिओ कॉलला तासाला १ जीबीच्या आसपास जातो. दोन मीटिंगांत दिवस संपला, आणि मग मध्यरात्रीपर्यंत ६४ केबीपीएसचा कासवाचा वेग. नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला जेमतेम ३०-५० एमबी लागतात, तेव्हा स्वतःचा कॅमेरा बंद ठेवाच, समोरच्यांचे व्हिडिओही अ‍ॅपच्या सेटिंगमधून बंद करता येतात. लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करून ठेवा आणि फोटो-फाइल्सचं आपोआप होणारं सिंक थांबवा. नाहीतर अपडेट गुपचूप दीड जीबी खाऊन मोकळं.

जागेचं बोलायचं तर खानावळीत लॅपटॉप काढू नये. साडेबारा ते तीन तिथे ताटामागून ताट जातं, दारात माणसं उभी असतात, आणि तुमच्या कीबोर्डशेजारी सोलकढीची वाटी. बाजारपेठेतली बेकरी-कॅफे किंवा उपाहारगृह सकाळी साडेआठ ते बारापर्यंत बरं. जेवणाच्या वेळी उठा, साडेतीनला परत या. दर दीड तासाला काहीतरी मागवा, चारजणांचं टेबल एकट्याने अडवू नका, आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण नेट गेलं की यूपीआयही गेलं. चिवल्याला किंवा तारकर्लीला किनाऱ्यालगतची टेबलं सुंदर, पण ती ईमेल वाचायला. कॉलला नव्हे. पावसाळ्यात त्यातली बरीच गुंडाळलेली असतात.

किनाऱ्यावर बसायचंच असेल तर सूर्याचं गणित लक्षात घ्या. समुद्र पश्चिमेला आहे. चारनंतर समुद्राकडे तोंड केलं तर डोळे दिपतात, पाठ केली तर स्क्रीनवर ऊन आणि कॉलमध्ये तुमची नुसती काळी आकृती. समुद्र डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवून बसा. माइकमध्ये वारा घोंघावतो, त्यासाठी वाऱ्याकडे पाठ करा म्हणजे अंगाचा आडोसा होतो. कानातल्या ब्लूटूथपेक्षा तोंडाजवळ माइक येणारा वायरचा हेडफोन इथे जास्त भरवशाचा.

एका दिवसात न दिसणारं, पण सहा महिन्यांत लॅपटॉप खाणारं म्हणजे खारी हवा. चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओल आणि मीठ बसतं, पिनांवर हिरवट थर धरतो, आणि एक दिवस चार्जर ‘लूज’ लागायला लागतो. तोंडाने फुंकर मारू नका, ओल आणखी आत जाते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावलेल्या बारीक स्वॅबने आठवड्यातून एकदा हलकेच पुसा. न वापरलेल्या पोर्टना रबरी बुचं लावा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या दाण्यांच्या घेतल्या तर गुलाबी झाल्या की बदलायच्या हे कळतं. एसी खोलीतून थेट पडवीत येऊन लॅपटॉप उघडू नका. थंड धातूवर दमट हवेचं पाणी जमतं. बॅगेतच अर्धा तास राहू दे. वाळूवर किंवा चादरीवर ठेवून काम करणं तर नकोच, पंखा खालून हवा ओढतो आणि वाळूही.

परदेशी क्लायंट असेल तर वेळ आधी जुळवा. युरोपची कामाची सुरुवात आपल्याकडे दुपारी होते, कॅफेला चालते. अमेरिकेची संध्याकाळनंतर, तेव्हा कॅफे आवराआवरीला लागलेलं असतं आणि एसी सुरू झाल्यावर व्होल्टेजही खाली येतं. ते कॉल राहत्या खोलीतूनच घ्या. आणि कुडाळहून रेल्वेने परतताना मीटिंग ठेवू नका. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि तो काही एकटा नाही.