लिनक्स टाकलं, पण स्क्रीन १०२४ वरच अडकली? आधी केबल बघा

दूध संस्थेचं संकलन केंद्र असो, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कारखान्याचं गेट असो नाहीतर शाळेची लॅब, जुनी मशीन अजून रोज चालतात. विंडोज जड झालं म्हणून त्यावर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे त्याची हलकी आवृत्ती, टाकलं की मशीन पळायला लागतं. स्क्रीन मात्र बिघडते. अक्षरं आडवी ताणलेली, गोल शिक्का अंड्यासारखा, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या वर पर्यायच नाही.

अशा वेळी नेटवरची आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. या दुखण्याची मुख्य कारणं दोन आहेत. एक तर मॉनिटरची ओळख मशीनपर्यंत पोचत नाही, नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, चालूच झालेला नसतो. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन (आडवे × उभे ठिपके) काय, हे आधी माहीत हवं. १७ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १२८० × १०२४ असतो, साडेअठरा इंची १३६६ × ७६८, १९ इंची रुंद १४४० × ९०० आणि २० इंची १६०० × ९००. शंका असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून बघा. एलसीडीवर मूळ आकड्याशिवाय दुसरं काहीही लावलं तर अक्षरं धूसरच दिसणार.

आता टर्मिनल उघडून एक्सरँडर ही आज्ञा द्या. इथल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा: एक्स, आर, ए, एन, डी, आर, सगळी लहान लिपीत. फक्त व्हीजीए (मॉनिटरच्या जुन्या केबलचा प्रकार) हे नाव मोठ्या अक्षरांत.

उत्तरात 'कनेक्टेड' या शब्दाआधी काय लिहिलंय ते बघा. तिथे 'डिफॉल्ट' किंवा 'नन-१' असेल, किंवा 'फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा' अशी तक्रार आली असेल, तर खोट ड्रायव्हरची. 'व्हीजीए-१' असं नीट नाव असेल तर ड्रायव्हर चालू आहे, मॉनिटरची ओळख तपासा.

ओळखीसाठी एक्सरँडर --प्रॉप द्या. मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटच्या छोट्या नोंदीत पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. ती पोचली असेल तर 'ईडीआयडी' शब्दाखाली आकड्या-अक्षरांच्या ओळी दिसतात आणि पहिली ओळ शून्य शून्य, मग बारा वेळा एफ, मग शून्य शून्य अशी सुरू होते. काहीच नसेल तर केबल काढून हातात घ्या.

व्हीजीएच्या प्लगमध्ये पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. प्लगचं तोंड आपल्याकडे आणि रुंद बाजू वर धरली की नंबर डावीकडून मोजायचे. ओळख जाते ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांतून, म्हणजे खालच्या ओळीतली दुसरी आणि शेवटची. ९ नंबरची, मधल्या ओळीतली चौथी पिन अनेक चांगल्या केबललाही नसते, तिला घाबरू नका. पण १२ किंवा १५ तुटलेली, वाकलेली असेल, किंवा स्वस्त केबलमध्ये आतून तारच जोडलेली नसेल, तर चित्र झकास येतं आणि ओळख येत नाही. म्हणूनच केबलवर कुणाचा संशय जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिनांवर हिरवट थरही चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसून, वाळवून परत लावा, दोन्ही स्क्रू आवळा. मध्ये स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर असेल तर तो काढून सरळ जोडून बघा. राजारामपुरीतून नवी केबल घेण्याआधी शेजारच्या मशीनची चालू केबल लावून खात्री करा.

केबल बदलणं जमत नसेल तरच हाताने मोड, म्हणजे रिझोल्यूशनचे आकडे, भरा. सीव्हीटी १४४० ९०० ६० ही आज्ञा दिली की मोडची ओळ मिळते. तिच्यातले आकडे असे वापरायचे (इथे १४४० × ९०० चं उदाहरण आहे, 'नवा' हे मोडला आपण दिलेलं नाव):

एक्सरँडर --न्यूमोड नवा १०६.५० १४४० १५२८ १६७२ १९०४ ९०० ९०३ ९०९ ९३४ -एचसिंक +व्हीसिंक

एक्सरँडर --ॲडमोड व्हीजीए-१ नवा

एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड नवा; स्लीप १५; एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०२४एक्स७६८

शेवटच्या ओळीतली स्लीपची युक्ती सोडू नका. मोड चुकला आणि मॉनिटरने 'आउट ऑफ रेंज' दाखवलं, तरी पंधरा सेकंदांत जुनं चित्र आपोआप परत येतं. जुन्या काचेच्या सीआरटीवर मात्र अंदाजाने आकडे टाकू नका, त्याच्या मर्यादेबाहेरचा सिग्नल त्याला इजा करू शकतो.

१३६६ × ७६८ मागितलं तर सीव्हीटी १३६८ देतं, कारण ते रुंदी आठच्या पटीत धरतं. एखादी उभी रेघ कडेला कापली जाईल, मॉनिटरचं ऑटो बटण दाबा. सगळं जमलं की या तीन ओळी, तिसरी फक्त 'नवा'पर्यंत, होम फोल्डरमधल्या .एक्सप्रोफाइल फाइलमध्ये ठेवा, म्हणजे दर लॉगिनला लागतील. वेलँड आणि एक्स११ या पडद्यावर चित्र मांडणाऱ्या दोन यंत्रणा. वेलँडवर हे चालत नाही, लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ सेशन निवडा.

आता ड्रायव्हरची खोट. लिनक्स टाकताना कम्पॅटिबिलिटी मोड निवडला असेल, तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द राहून जाऊ शकतो आणि मग खरा ड्रायव्हर उठतच नाही. अशा वेळी मोड कितीही भरा, उपयोग नाही. मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा, ई दाबा, तो शब्द खोडा आणि एफ१० दाबा. ही नुसती चाचणी असते, बिघडलं तर रीस्टार्ट केलं की पूर्ववत. चित्र नीट आलं तर सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडून तिथूनही तो शब्द काढा, सेव्ह करा, सुडो अपडेट-ग्रब द्या आणि रीस्टार्ट करा.

चाचणीत स्क्रीन काळी झाली तर रीस्टार्ट करा आणि एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन ग्राफिक्सची चिप कोणती ते बघा. एसआयएस किंवा व्हीआयएची निघाली तर आज्ञांवर दिवस घालवू नका, बोर्डावर पीसीआय-एक्स्प्रेसचा स्लॉट असेल तर जुनं रेडिऑन कार्ड बसवा.

मूळ रिझोल्यूशन आल्यावर पावत्या लिहिणारे काका म्हणतील, अक्षरं बारीक झाली. म्हणून परत १०२४ वर जाऊ नका. सेटिंगमधल्या ॲपिअरन्समध्ये फॉन्ट्सच्या टॅबवर डीपीआय, म्हणजे अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा, ९६ असतो, तो ११५ करा. अक्षरं मोठीही होतात आणि रेखीवही राहतात.