परदेशी रेसिडेन्सीचा (तिथे काही काळ राहून चित्रं करण्याच्या संधीचा) अर्ज भरताना

नाशिकच्या चित्रकाराच्या पोर्टफोलिओत गोदाघाट असणारच, आणि त्यात गैर काही नाही. पण रामकुंडाची दहा जलरंगचित्रं पाठवलीत, तर निवड करणाऱ्यांना तुमचा हात दिसतो, प्रश्न दिसत नाही. एकाच विषयावर सलग केलेली सहा-आठ कामं निवडा. प्रत्येकाखाली माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये आणि वर्ष. फोटो काचेची फ्रेम काढून, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली पिवळा हमखास फसवतो.

प्रस्तावात ‘नदी आणि मानव’ असलं मोघम लिहू नका. पुराचं पाणी ओसरल्यावर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर उरणाऱ्या गाळाचे थर रंगवायचे असतील, तर तसंच लिहा. आणि त्यासाठी त्याच शहरात का जायचंय, तेही.

‘फंडेड’ वाचून हुरळू नका. विमानभाडं, राहणं, मासिक भत्ता, साहित्य यातलं नेमकं काय मिळतं ते विचारून घ्या. ब्रिटनसाठी, तिथे जाणाऱ्या भारतीय कलाकारांना अनुदान देणाऱ्या चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत वेगळी मागता येते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो.

शेवटच्या तारखेची वेळ तिथली असते: हिवाळ्यात बर्लिनमध्ये मध्यरात्र, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार.