किरकोळ चीड लवकर उतरावी म्हणून

रोजच्या व्यवहारात चीड येणारच; ती कधीच येऊ नये असा संकल्प करणाऱ्याची फजिती ठरलेली असते. आपल्या हातात असते ती फक्त तिची मुदत. रांगेत कुणी मध्येच घुसले तर तो प्रसंग अर्ध्या मिनिटात संपतो. तो संध्याकाळपर्यंत मनात धुमसत राहतो, याचे कारण आपण तो पुन्हा पुन्हा उगाळत बसतो. म्हणून पुढील उपायांचा रोख मुख्यतः हे उगाळणे थांबवण्याकडे आहे.

सुरुवात शरीरापासून करावी, कारण ऐन भरात मनाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून ते ऐकत नाही. समजा, एखादा लांबलचक ऑनलाइन अर्ज भरून झाला, शेवटचे बटण दाबले आणि पडद्यावर ‘मुदत संपली, पुन्हा लॉगिन करा’ अशी ओळ झळकली. त्या क्षणी स्वतःकडे नीट पाहिले, तर दातांवर दात घट्ट दाबलेले, खांदे कानांकडे चढलेले आणि बोट तेच बटण निष्कारण दाबत असलेले आढळेल. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या ॲड्रेनलिन या संप्रेरकामुळे हृदयाचे ठोकेही वाढलेले असतात. अशा वेळी जबडा सैल सोडावा, खांदे खाली आणावेत आणि चार अंक मोजत श्वास आत घेऊन सहा ते आठ अंक मोजत तो सावकाश बाहेर सोडावा. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने ठोके मंदावतात, म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडणे लांबवण्याला महत्त्व आहे. दोन-तीन मिनिटे असे करून मगच अर्ज पुन्हा उघडावा.

यानंतर, जे वाटते आहे ते नेमक्या शब्दांत मांडावे. ‘डोके फिरले’ एवढे म्हणून भागत नाही. ‘केलेले काम वाया गेले म्हणून मी वैतागलो आहे’ किंवा ‘माझे म्हणणे त्याने कानाआड केले, म्हणून मला अपमान वाटला’ असे पूर्ण वाक्य मनात तयार करावे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूविषयक प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला असता मेंदूतील भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झाल्याचे दिसले होते.

खरी गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. मनातले सगळे भडाभडा बोलून टाकले किंवा एखाद्या वस्तूवर राग काढला की मन मोकळे होते, असा समज सर्वत्र रुजलेला आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या व्यक्तीने चिडवले तिचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक चिडलेले आढळले. पुढे २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, तर धावण्यासारख्या शरीराला उत्तेजित करणाऱ्या गोष्टींचा तसा उपयोग दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. धावण्याचे फायदे अनेक आहेत, पण चीड उतरवण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. सांगण्याची गरजच वाटली, तर एकाच विश्वासू माणसाला एकदाच सांगावे आणि सल्ला हवा आहे की नुसते ऐकून घेणे, हे आधीच स्पष्ट करावे. माझ्या मते सर्वांत घातक सवय म्हणजे घडलेला प्रकार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे, कारण प्रत्येक सहानुभूतीच्या उत्तराबरोबर विझत आलेला निखारा पुन्हा फुलतो.

दुसऱ्याच्या हेतूविषयी मात्र थोडे कष्ट घेऊन विचार करावा. मेसेज वाचूनही समोरच्याने उत्तर दिले नाही की ‘त्याला माझी किंमतच नाही’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. आपण स्वतः उत्तर दिले नाही, तर कामाचा व्याप होता असे म्हणतो. दुसऱ्याच्या वागण्यात स्वभाव पाहायचा आणि परिस्थितीकडे डोळेझाक करायची, ही माणसाची जुनी खोड आहे. तेव्हा समोरच्याला निर्दोष ठरवण्याची सक्ती स्वतःवर न करता, तितकेच संभवनीय असे एक दुसरे कारण शोधावे. पटले नाही तरी चालेल. पहिल्या निकालाची खात्री डळमळली की पुरे.

विचार दडपण्याच्या फंदात पडू नये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावलेल्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याऐवजी हात आणि लक्ष दोन्ही गुंततील असे काम घ्यावे. अडलेला हिशेब किंवा पसरलेल्या खणाची आवराआवर अशा वेळी कामी येते. नुसता मोबाइल चाळत बसल्याने मन रिकामेच राहते.

अपुरी झोप आणि भूक यांमुळे एरवी जे नजरेआड झाले असते तेही टोचते, एवढे ध्यानात असावे.

सोडून देणे म्हणजे सगळे निमूटपणे सोसणे नव्हे. एकाच माणसाचा किंवा एकाच व्यवस्थेचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो तारखेसह लिहून ठेवावा आणि चीड उतरल्यावर संबंधितांशी बोलावे. रागात लिहिलेला मेसेज त्याच दिवशी पाठवू नये. दुसऱ्या दिवशी वाचून त्यातली विशेषणे खोडावीत आणि नेमकी मागणी तेवढी ठेवावी. चिडचिडीमुळे झोप, काम किंवा घरातले संबंध बिघडू लागले असतील, तर समुपदेशकाची भेट घ्यावी.