गॅलरीत कासवाच्या पिल्लाचं घर करताय? या चुका टाळा

आधीच सांगतो, पिल्लू स्टार कासवाचं असेल तर ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाला फोन करा. पुढचं सगळं सुलकाटा या आफ्रिकन कासवाच्या पिल्लांसाठी, तीही ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर रीतसर नोंदवलेली.

सगळ्यात जास्त पिल्लं दगावतात ती काचेच्या टाकीत. माशांची रिकामी टाकी माळ्यावरून काढायची, तळाला कोकोपीट पसरायचं आणि ‘ऊन मिळू दे’ म्हणून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवायची. सकाळी सगळं छान दिसतं. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोन वाजता तीच टाकी भट्टी होते: हवा खेळत नाही, काच उष्णता धरून ठेवते आणि पन्नास ग्रॅमचं शरीर तापायला फारसा वेळ लागत नाही. त्यात पिल्लाला काच दिसत नाही. ते कडेकडेने धावतं, कोपऱ्यात चढू पाहतं आणि पाठीवर उलटतं. भर उन्हात उलटलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत जगत नाही. बरं, ज्या उन्हासाठी हा खटाटोप, त्यातला यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) साध्या काचेतून जवळजवळ येतच नाही.

त्यापेक्षा मरीन प्लायची पेटी करा: चार बाय दोन फूट, भिंती दीड फूट, अर्धा भाग कायम सावलीत. थर्मामीटर भिंतीला टांगू नका, पिल्लाच्या उंचीवर ठेवा. उन्हाच्या बाजूला ३५ अंश, सावलीत २८ ते ३०. उन्हातला आकडा चाळिशीला टेकला की पिल्लू आत. तोंडाला फेस आला असेल तर सावलीत नेऊन साध्या पाण्यात पाय बुडतील एवढंच ठेवा. बर्फ लावू नका. तिथून थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

दुसरी चूक कबुतराच्या जाळीची. ‘गॅलरीला जाळी आहेच की!’ ती नायलॉनची, कबुतरांसाठी. उंदीर ती एका रात्रीत कुरतडतो. झोपलेलं पिल्लू पळत नाही, पाय आत ओढून बसतं, आणि उंदराला तेवढंच हवं असतं. सकाळी पुढचा पाय किंवा शेपटी खाल्लेली सापडते, कोवळ्या कवचाची कड कुरतडलेली असते. तळमजल्याच्या अंगणात हेच काम घूस खालून पोखरून करते. म्हणून जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची, अर्धा इंची वेल्डमेश जाळी लावा, झाकणाला आणि तळालाही. तळाच्या जाळीवर पाच इंच माती. जाळीची कड लाकडी पट्टीखाली दाबून वॉशरसकट स्क्रू मारा. स्टेपल गन झटपट चालते, आणि पिना तितक्याच झटपट निघतात. झाकणाला बिजागरी आणि दोन कड्या. दिवसाही बंदच, कारण कावळा लक्ष ठेवून असतो. एवढं करूनही कवच चार इंचांचं होईपर्यंत रात्री पिल्लू घरातच.

पावसाबद्दल लोक उलटंच घाबरतात. दमट हवा पिल्लाला हवीच, कोरड्या हवेत कवचाला उंचवटे येतात. एसीची खोली त्या दृष्टीने जास्त वाईट. वाईट आहे ते ओलं आणि गार एकत्र: नाकातून बुडबुडे, मग न्यूमोनिया. जून ते सप्टेंबर उघडीप असेल तेव्हाच बाहेर, पेटी विटांवर चढवलेली, तळाला पाणी जायला भोकं.

बाकीचं थोडक्यात. नुसती वाळू किंवा बारीक खडी नको, पोटात जाऊन अडकते. पाण्याला कुंडीखालची उथळ मातीची थाळी, पाणी हनुवटीच्या खाली. कण्हेर, घाणेरी आणि डिफेनबाखियाच्या कुंड्या लांब. जास्वंद जवळ चालेल, पानं-फुलं दोन्ही खातं. दोन पिल्लं एका पेटीत नकोत, एक दुसऱ्याला दाबून वाढतं.

पेटी तयार झाली की त्याच संध्याकाळी पिल्लू सोडण्याची घाई सगळ्यांना असते. आधी तीन दिवस रिकाम्या पेटीत थर्मामीटर ठेवून नऊ, बारा आणि तीनचा आकडा लिहा. तीनचा आकडा जमत नसेल तर पेटीची जागा बदला. वर ओला गोणपाट टाकून भागवू नका, तो तासाभरात वाळतो.