वाचनालयासाठी कोहा घेताय? सर्टिफिकेटच्या मागे लागू नका, हे तपासा

कमिटीत कोहाचा, म्हणजे ग्रंथालय चालवायच्या सॉफ्टवेअरचा, विषय काढला, की खजिनदारांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर्टिफिकेट खंय आसा?" मालवणसारख्या गावात पैसे वर्गणीदारांचे असतात, तेव्हा विचारणं रास्तच.

कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे. आज जगभरचे ग्रंथपाल आणि प्रोग्रामर मिळून ते सांभाळतात. पण त्याच्या जीपीएल परवान्यातच (कोणीही वापरा, बदला, अशी मोकळीक देणारा परवाना) लिहिलंय की कसलीही हमी नाही. ओपन सोर्सचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असल्याचा, शिक्का फक्त परवान्याबद्दल बोलतो. हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यावरून आंबा कुठला ते कळतं. आत साका, म्हणजे खराब झालेला गर, आहे का, ते कापल्यावरच.

मग बघायचं काय? कोहाचं बगझिला, म्हणजे तक्रारी आणि दुरुस्त्यांची ऑनलाइन वही, उघडा. तिथे प्रत्येक दुरुस्ती लिहिणाऱ्याखेरीज दुसरा कोणी चालवून बघतो आणि सही करतो, मग क्यूए (गुणवत्ता तपासणी) टीममधला माणूस तपासतो, त्यानंतर आवृत्ती काढणारा रिलीज मॅनेजर ती आत घेतो. हे सगळं उघड्यावर चालतं. किती विकाऊ सॉफ्टवेअरवाले आपली चुकांची वही अशी दाखवतात? तक्रारींचा ढीग बघून घाबरू नका. आपल्याला लागणारे विषय शोधा: देवघेव, दंड, अहवाल. गंभीर तक्रारीला उत्तर मिळालंय का, की ती वर्षानुवर्षं तशीच पडलीय, एवढं बघा.

नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, २४.०५ म्हणजे मे २०२४ ची. ताजी आली म्हणून लगेच घेऊ नका, एकदोन मासिक दुरुस्त्या होऊ द्यात.

इथवर कोहा सांभाळणाऱ्यांचं काम. तुमच्या वाचनालयाची परीक्षा तुम्हालाच घ्यायची आहे. एका जुन्या पीसीवर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोहा टाका, दाखल नोंदवहीतली काही पानं भरा. जोडाक्षरं मुद्दाम घ्या. 'ऱ्या' दिसायला एकच, पण कीबोर्डप्रमाणे आतला कोड वेगळा पडू शकतो. म्हणून ग्रंथपालांनी एका कीबोर्डवर टाइप केलेलं नाव दुसऱ्याने मोबाइलवरून शोधून बघावं. ही असली खोड परदेशातल्या तपासणाऱ्याच्या ध्यानात येईलच असं नाही.

मग देवघेव चालू असताना मेन स्विच बंद करा. पावसाळ्यात वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. नुसती बॅकअपची फाइल आहे म्हणून खूश होऊ नका.

हमी कागदावर हवीच असेल, तर ती बसवून देणाऱ्याकडून घ्या. बिघाड झाल्यावर किती तासांत येणार, अपडेट कोण करणार, पासवर्ड आणि सगळा डेटा कमिटीच्या ताब्यात राहणार का, हे करारात लिहून घ्या. आणि बॅकअप खजिनदारांच्या डोळ्यांदेखत परत चढल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.