प्रवासी व्हायोलिन सांभाळताना या चुका टाळा

प्रवासासाठी घडवलेले अरुंद व्हायोलिन आकाराने लहान असल्यामुळे ते दणकटही असेल, असा अनेकांचा समज असतो आणि त्याचे बहुतेक बिघाड या समजातूनच सुरू होतात. लाकूड कमी केलेले असले, तरी बहुतेक प्रवासी व्हायोलिनांत घोडीपासून (तारांना मध्ये उचलून धरणारा लाकडी तुकडा) नटपर्यंतची (खुंट्यांजवळची, तारा टेकतात ती कड) तारेची लांबी नेहमीच्या व्हायोलिनइतकीच, म्हणजे सुमारे ३२५ ते ३३० मिलिमीटर असते. त्यामुळे चारही तारांचा मिळून वीस किलोहून अधिक ताण या छोट्या अंगाला अहोरात्र पेलावा लागतो.

प्रवासाला निघताना सगळ्या तारा पूर्ण सैल करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. घोडी केवळ तारांच्या दाबावर उभी असते, आणि ज्या व्हायोलिनमध्ये साऊंडपोस्ट (पोटाच्या आत वरच्या आणि मागच्या फळीमध्ये उभा केलेला लहान लाकडी दांडा) आहे, त्यातील तो दांडाही न चिकटवता नुसता दाबानेच अडकवलेला असतो. दाब गेला की दोन्ही पडू शकतात, आणि अरुंद पोटात साऊंडपोस्ट पुन्हा उभा करणे कारागिरालाही जिकिरीचे असते. तारा फार तर अर्धा-एक स्वर उतरवाव्यात. बदलायच्या असतील, तर एक काढून दुसरी चढवल्यावरच पुढच्या तारेला हात लावावा.

गायकाच्या साथीसाठी आज काळी एक, उद्या पांढरी चार अशी पट्टी बदलणाऱ्यांनी घोडीकडे विशेष लक्ष द्यावे. तार चढवताना प्रत्येक वेळी घोडीचा माथा फिंगरबोर्डकडे (बोटे ठेवण्याच्या फळीकडे) थोडाथोडा ओढला जातो आणि दुर्लक्ष झाल्यास घोडी कायमची वाकते किंवा आडवी पडते. घोडीची टेलपीसकडील (तारांची खालची टोके जिथे अडकवतात त्या तुकड्याकडील) बाजू पोटाच्या वरच्या फळीशी काटकोनात असावी. ती कलली असेल, तर तारा किंचित सैल करून, दोन्ही हातांच्या चिमटीत माथा धरून तिला हळूहळू मागे आणावे.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेटी ठेवू नये, हे सर्वांना माहीत असते. तरीही जेवणासाठी गाडी थांबली की पेटी आतच राहते. उष्णतेने सांध्यांतला सरस मऊ होतो आणि सांधा उसवतो. अशा वेळी घरचा फेविकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद लावणे म्हणजे बिघाड वाढवणेच होय, कारण सरसाचा सांधा लाकडाआधी सुटावा अशाच बेताने जोडलेला असतो. पक्क्या गोंदाने तो बसवला, तर पुढच्या ताणाला लाकूडच चिरते.

कोकणातल्या पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून अडकतात, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत त्या आकसून घसरतात. यावर तेल कधीही घालू नये. खुंटी आत दाबत फिरवावी आणि गरजेपुरते पेग कंपाऊंड (खुंट्या नीट फिराव्यात म्हणून लावायचे खास मिश्रण) लावावे. पेटीत आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली, तर हा त्रास बराच कमी होतो. गिअरच्या (आत दातेरी चाके असलेल्या) खुंट्यांना ही अडचण सहसा येत नाही.

वाजवताना झणझण ऐकू आली, तर लगेच सांध्यावर संशय घेऊ नये. आधी फाइन ट्यूनरचे (टेलपीसवरच्या, सूर बारीक जुळवणाऱ्या स्क्रूंचे) धातूचे नट, हनुवटीच्या आधाराचे स्क्रू आणि सुटे होणारे भाग तपासावेत. प्रवासी व्हायोलिनमध्ये असे भाग अधिक असतात आणि प्रवासातल्या हादऱ्यांनी तेच आधी ढिले होतात.

पॉलिशवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नये, ते वॉर्निश विरघळवू शकते. राळेची भुकटी रोज कोरड्या सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे. गजाचे केस मात्र वादन संपताच न विसरता सैल करावेत.