होम फ्लाइट सिम्युलेटरवर खरी कार्यपद्धती शिकताय? या चुका टाळा

सिम्युलेटर फार सोशिक असतो. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) न तपासता निघा, हवेच्या चुकीच्या दाबावर अल्टिमीटर (उंचीमापक) ठेवून उतरा, १५ नॉट जादा वेगाने धावपट्टीवर आदळा, दोन क्लिकमध्ये विमान पुन्हा पार्किंगमध्ये उभं. म्हणून इथे चूक कळायच्या आधीच तिची सवय होते. ती उघडी पडते ऑनलाइन कंट्रोलर कानाशी बोलत असताना, किंवा ढग ६०० फुटांवर असताना.

खालचे आकडे जी१००० (पडद्यांचं डिजिटल पॅनेल) असलेल्या सेसना १७२एसचे आहेत आणि वेग नॉटमध्ये आहेत. विमान बदललं की आकडे बदलतात, पण कामाचा क्रम बराचसा तोच राहतो.

आधी जॉयस्टिक तपासा, मग स्वतःला दोष द्या

"विमान सारखं डावीकडे ओढतं" ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. तिची कारणं तीन आणि उपाय वेगवेगळे. पूर्ण पॉवर आणि कमी वेग असतानाच, म्हणजे टेक-ऑफ आणि चढणीत ओढत असेल, तर सिम बरोबर वागतोय. इंजिनाचा टॉर्क, प्रोपेलरचा असमान जोर आणि त्याचा गोल फिरणारा झोत मिळून नाक डावीकडे नेतात. यावर इलाज उजव्या रडरचाच (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू). पडद्यावर वरच्या त्रिकोणाखालचा स्लिप-स्किड दर्शक (विमान आडवं सरकतंय का ते दाखवणारा) मध्यात येईपर्यंत पाय दाबा. सपाट क्रूझमध्येही ओढत असेल, तर कंट्रोल सेटिंगमध्ये त्या अक्षाची पट्टी पाहा. हात न लावता ती हलत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजलाय. ३ ते ५ टक्के डेड झोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) द्या, त्याहून जास्त नको. आणि पट्टी स्थिर असूनही विमान कलत असेल, तर दोन्ही टाक्यांतलं इंधन आणि फ्युएल सिलेक्टर पाहा. तो 'बोथ'वर असायला हवा.

इंजिनाची पॉवर मध्येच उडी मारत असेल, तर बहुतेक वेळा थ्रॉटल (पॉवरचा दांडा) दोन ठिकाणी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नवं उपकरण दिसलं की त्याला स्वतःहून कामं वाटून देतो. मग जॉयस्टिकवरचा छोटा स्लायडर आणि वेगळा थ्रॉटल क्वाड्रंट (दांड्यांचा संच) एकाच इंजिनावर हक्क सांगतात. नको ते जोडणीतून काढा. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं, त्यामागेही असंच काही असतं. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारं नियंत्रण) माउसने पुढे केलेलं असतं, पण क्वाड्रंटवरचा दांडा मागे असतो. तो जरा थरथरला की सिम त्याचंच ऐकतो आणि इंधन तोडतो.

थ्रॉटल मागे ओढल्यावर पट्टी खरोखर शून्याला टेकते का, हेही बघा. चार-पाच टक्के उरले तरी इंजिन आयडलला उतरत नाही आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. लोक महिनोन्महिने फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलण्याला) दोष देतात आणि दोष असतो कॅलिब्रेशनचा.

संवेदनशीलतेचा वक्र फार वाकवू नका. वजा २० ते ३० टक्के ठीक. त्यापुढे काठी मध्याजवळ मेल्यासारखी वाटते आणि कडेला एकदम उसळते. त्यातून वरखाली हेलकावे सुरू होतात. असिस्टन्स मेनूतले ऑटो-रडर, ऑटो-ट्रिम आणि ऑटो-मिक्श्चर बंद करा. ऑटो-रडर चालू असताना आडव्या वाऱ्यात उतरणं शिकताच येत नाही, कारण तिथे एलेरॉन (विमान कलवणारी पंखांवरची पाती) एका बाजूला आणि रडर दुसऱ्या बाजूला हवा असतो. एक्स-प्लेनमध्ये 'स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन'चे स्लायडर शून्यावर आणा. फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) फ्रेम रेट विशीखाली जात असेल, तर इमारती आणि ट्रॅफिकची सेटिंग उतरवा. अडखळत्या चित्रावर लँडिंगचा सराव करून हात बिघडतो.

ट्रिमने विमान चालवणं

ट्रिम म्हणजे काठीवरचा भार उतरवणारी जुळवणी. तिनेच नाक हलवणं ही सगळ्यांत पसरलेली चूक. नाक वर हवं, ट्रिम वर, खाली हवं, ट्रिम खाली. अशाने विमान सतत वरखाली होत राहतं, कारण ट्रिमचा परिणाम वेग स्थिरावल्यावरच कळतो आणि तोवर पुढचा झटका दिलेला असतो. क्रम असा ठेवा: काठीने नाकाची स्थिती, मग पॉवर, मग वेग स्थिर होईपर्यंत थांबणं, आणि शेवटी ट्रिम.

चढणीतून सपाट होताना हा क्रम नेमका कुठे मोडतो ते पाहा. ३,००० फुटांवर थांबायचंय आणि चढण मिनिटाला ५०० फूट आहे. चढणीच्या दराच्या दहा टक्के आधी, म्हणजे २,९५० ला नाक खाली घ्यायला लागा. पॉवर तशीच राहू द्या. वेग ७५ वरून शंभरीकडे जाईपर्यंत काठीने नाक दाबून धरा. मगच पॉवर २,३०० आरपीएमच्या आसपास आणा आणि ट्रिम करा. बहुतेक जण उंची गाठताच पॉवर कापतात आणि ८० नॉटवर ट्रिम करून मोकळे होतात. मग विमान हळूहळू वेग घेतं आणि मिनिटाभरात दीडशे फूट वर गेलेलं असतं.

घरच्या स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकची एक खोड लक्षात घ्या. खऱ्या विमानात ट्रिममुळे हातावरचा भार उतरतो आणि योक आहे त्याच जागी राहतो. स्प्रिंगच्या काठीला मात्र एकच मध्य असतो. म्हणून ट्रिम देत असतानाच काठी त्याच प्रमाणात मध्याकडे सोडत यायला हवं. दोन्ही कामं एकत्र झाली नाहीत तर नाक उसळतं. ट्रिम जमला का, याची कसोटी सोपी आहे. हात सोडा, दहा सेकंद थांबा. उंची ५० फुटांच्या आत राहिली तर झालं. कीबोर्डच्या एकेका दाबाने ट्रिम मोठी उडी घेत असेल, तर फिरणारं चाक जोडा किंवा बटणाचा रिपीट वेग कमी करा.

कंट्रोल-ई दाबून इंजिन सुरू करणं

मायक्रोसॉफ्टच्या सिममधला हा आपोआप सुरू करण्याचा शॉर्टकट घाईत असाल तेव्हा ठीक, शिकताना नाही. १७२एसचं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं आहे. थंड इंजिनाला थ्रॉटल पाव इंच पुढे, मिक्श्चर मागे, फ्युएल पंप चालू. मग फ्युएल फ्लो स्थिर दिसेपर्यंत, म्हणजे ३ ते ५ सेकंद, मिक्श्चर पूर्ण पुढे. लगेच परत मागे, पंप बंद, स्टार्टर. इंजिन पकडलं की मिक्श्चर सावकाश पुढे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या १७२ ची पद्धत इथे वापरून मिक्श्चर पुढे ठेवूनच स्टार्टर मारत राहिलात, तर तपशिलाने बनवलेल्या मॉडेलमध्ये इंजिन फ्लड होतं, म्हणजे जादा इंधनाने तुंबतं.

रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी) १,८०० आरपीएमवर. प्रत्येक मॅग्नेटोवर घट १५० पर्यंत चालते आणि दोन्हींमधला फरक ५० पर्यंत. घट अजिबातच दिसली नाही तर खूश होऊ नका. खऱ्या विमानात तो मॅग्नेटो बंदच होत नसल्याचा संशय असतो. सिममध्ये बहुधा चावी फिरलेलीच नसते. ३,००० फुटांहून उंच विमानतळावरून निघताना मिक्श्चर पूर्ण रिच (जास्तीत जास्त इंधनाचं) ठेवलं तर इंजिन मरगळतं. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम जास्तीत जास्त होईपर्यंत ते लीन करा, म्हणजे इंधन कमी करा.

चेकलिस्ट वाचत वाचत बटणं शोधणं ही शिकण्याची पहिली पायरी, पण तिथेच अडकू नका. कॉकपिटमध्ये डावीकडून उजवीकडे ठरलेल्या क्रमाने हात फिरवा आणि नंतर यादी वाचून पडताळा.

बी दाबलं, विषय संपला

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बी दाबलं की अल्टिमीटर आपोआप जुळतो. त्यामुळे दाबाचा आकडा कुठून येतो, हेच कित्येकांना ठाऊक नसतं. एटीआयएस (विमानतळाची ध्वनिमुद्रित हवामान माहिती) ऐका आणि आकडा हाताने लावा. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ३० फूट. खाली येताना १०१३ (प्रमाण दाब) तसंच राहिलं आणि तिथला क्यूएनएच (समुद्रसपाटीवर आणलेला स्थानिक दाब) १००३ असेल, तर अल्टिमीटर ३०० फूट जास्त दाखवतो. विमान प्रत्यक्षात तेवढं खाली असतं, आणि ढगात ३०० फूट ही लहान गोष्ट नाही. घड्याळी गेज असलेल्या विमानात दर पंधरा मिनिटांनी हेडिंग इंडिकेटरही होकायंत्राशी जुळवा.

दहा मैलांच्या सरळ फायनलवरूनच लँडिंगचा सराव

सिम ही सोय देतो आणि लोक तिथेच राहतात. त्यात सर्किट (धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी) शिकणं होत नाही, आणि लँडिंग बिघडतं ते बहुतेक सर्किटमध्येच. जमिनीपासून १,००० फुटांवर डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा) धरा, वेग सुमारे ९०. धावपट्टीचा उंबरठा (जिथून ती सुरू होते ती कड) बरोबर बाजूला आला की पॉवर १,५०० आरपीएम, १० अंश फ्लॅप आणि वेग ८५ च्या खाली. १० अंशाला ११० पर्यंत परवानगी आहे, त्यापुढच्या फ्लॅपला फक्त ८५. उंबरठा खांद्यामागे ४५ अंशांवर दिसला की बेसला (धावपट्टीच्या काटकोनातल्या टप्प्याला) वळा. तिथे २० अंश फ्लॅप, वेग ७५. फायनलवर पूर्ण फ्लॅप आणि ६५.

घरी मॉनिटरसमोर बसणाऱ्याला खांद्यामागे दिसत नाही, हीच खरी अडचण. ४५ अंश मागचं दृश्य एका बटणावर ठेवा किंवा हेड ट्रॅकर वापरा. तेही नसेल तर वेळ मोजा. वारा नसताना उंबरठा बाजूला आल्यापासून ३० ते ४० सेकंदांनी वळलं तर जमतं.

फायनलवर मिनिटाला किती फूट खाली यायचं याचं गणित: ग्राउंड स्पीड गुणिले ५. ६५ ला सुमारे ३२५. समोरून दहा नॉट वारा असेल तर २७५. पापीचे (उतार दाखवणारे धावपट्टीलगतचे दिवे) दोन दिवे पांढरे आणि दोन लाल दिसले तर तुम्ही तीन अंशांवर आहात. लहान विमानात नाकाने वेग सांभाळा आणि पॉवरने उतार. याउलट शिकवणारेही आहेत. वाद घालत बसू नका, एक पद्धत धरा आणि निदान शंभर लँडिंग तरी ती सोडू नका.

उंबरठ्यावर ६५ ऐवजी ७५ असलात तर विमान तरंगणार. जादा वेगाची ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, आणि तोवर अर्धी धावपट्टी मागे पडते. फ्लेअर १५-२० फुटांवर सुरू करा आणि नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला ठेवा. इथे कॅमेऱ्याचा झूमही घात करतो. दृश्य फार मागे घेतलेलं असेल तर जमीन लांब वाटते आणि फ्लेअर उशिरा होतो. डॅशबोर्डवरून क्षितिज दिसेल अशी एकच बैठक ठरवा आणि लँडिंगच्या मध्यात ती बदलू नका.

विमान पुन्हा उसळलं तर नाक खाली दाबू नका, पुढचं चाक आधी टेकतं आणि पुढची उसळी आणखी मोठी येते. गो-अराउंड करा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा चढा: पूर्ण पॉवर, उजवा रडर, फ्लॅप ३० वरून २०, वेग ६०. चढण दिसली आणि अडथळे मागे पडले की १०, मग शून्य. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर विमान खाली बसतं. सिममध्ये 'रीस्टार्ट' असल्यामुळे गो-अराउंडचा सराव जवळजवळ कोणी करत नाही. दर पाचव्या फायनलला ठरवून करा.

आयएलएस पकडत नाही

आयएलएस म्हणजे ढगातही धावपट्टीकडे नेणारे रेडिओ सिग्नल: लोकलायझर दिशा देतो, ग्लाइडस्लोप उतार. ते पकडले जात नसतील, तर पुढच्या सहा गोष्टी याच क्रमाने तपासा. फ्रीक्वेन्सी स्टँडबायमध्येच राहिली आहे का? मोर्स ओळख ऐकली का? सीडीआय (मार्गापासून किती हटलात ते दाखवणारा दर्शक) अजून जांभळा, म्हणजे जीपीएसवर आहे का? तो हिरवा, लोकलायझरवर हवा. कोर्सची सुई धावपट्टीच्या दिशेला लावली का? लोकलायझरला ३० अंशांच्या आसपासच्या कोनात भेटताय का? आणि ऑटोपायलटवर एनएव्ही दाबलंय की एपीआर (अप्रोच)? एनएव्ही लोकलायझर धरतो, पण ग्लाइडस्लोप सोडून देतो आणि विमान सरळ विमानतळावरून निघून जातं.

हे सगळं बरोबर असूनही ग्लाइडस्लोप पकडला जात नसेल, तर तुम्ही त्याच्या वर आहात. तो नेहमी खालून, सपाट उड्डाणात पकडायचा. वरून घुसलात तर तीव्र उताराचा खोटा सिग्नल लागू शकतो.

चढताना ऑटोपायलटला मिनिटाला ७०० फूट व्हीएस (चढणीचा ठरावीक दर) देऊन चहाला जाऊ नका. १७२ समुद्रसपाटीला कशीबशी ७३० फूट चढते. उंची वाढली की ती ७०० धरण्यासाठी नाक उचलत जाते, वेग गळतो आणि शेवटी स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाते. एफएलसी वापरा, तो वेग धरतो. कुठल्याही मोडआधी लक्ष्य उंची लावा.

चार्ट आणि सिममधला डेटा वेगळ्या एअरॅक चक्राचा (हवाई माहितीच्या अद्ययावत आवृत्तीचा) असेल, तर फ्रीक्वेन्सी किंवा वेपॉइंट जुळणार नाहीत. चक्र दर २८ दिवसांनी बदलतं.

पहिल्याच आठवड्यात एअरबस

वरचं जमल्याशिवाय ए३२० घेतलात तर फक्त बटणं पाठ होतील. घेतलीच, तर आधी थ्रस्ट लिव्हरचे टप्पे कॅलिब्रेट करा. टेक-ऑफनंतर 'एलव्हीआर सीएलबी' लुकलुकत राहतं, कारण लिव्हर क्लाइंबच्या खाचेत बसलेलाच नसतो. उतरणं आधीच मोजा: जेवढे हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल. ३०,००० फुटांसाठी ९०, वर वेग कमी करायला दहा मैल. ढगाळ हवेत धावपट्टीपासून १,००० फुटांवर चाकं, फ्लॅप, वेग आणि उतार जागेवर नसतील तर गो-अराउंड.

ऑनलाइन जाताना

व्हॅटसिम किंवा आयव्हीएओवर (जिथे खरी माणसं कंट्रोलर असतात अशी ऑनलाइन जाळी) बोलण्याआधी काही तास नुसतं ऐका. क्लिअरन्समधली धावपट्टी, उंची, हेडिंग, दाब आणि स्क्वॉक (रडारसाठीचा चार आकडी कोड) परत वाचून दाखवायचे. नुसतं 'रॉजर' चालत नाही. ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणा, कंट्रोलर रागावत नाहीत. जोडलेले असताना पॉज दाबू नका, तुमचं विमान हवेत थिजून मागच्याच्या वाटेत उभं राहतं. जेवायला उठायचं असेल तर आधी कनेक्शन तोडा.